मिस्तरींची दहा पोरं

दुपारी बाराच्या सुमाराला, ऐन कामात, कुणालाही न सांगता मिस्तरी उठायचे आणि मेन स्विच खाली ओढायचे. बॅटरीवर कॉम्प्युटर चालतात की नाही ते बघायला. चालले तर ठीक, नाहीतर आमचं अर्ध्या तासाचं टायपिंग पाण्यात. एकदा मी वैतागून म्हणाले, "मिस्तरी, लाइट आपोआप काय कमी जाते का, तुम्ही आणखी घालवताय?" तर शांतपणे म्हणतात, "ती तिच्या मर्जीनं जाती. आपल्या मर्जीनं गेल्यावर काय व्हतंय ते बगू." असल्या माणसापुढं डोकं आपटून काय उपयोग.

बीडच्या एसटी स्टँडमागं, एका कापड दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. शतक नुकतंच उलटलं होतं. जिल्ह्यातल्या एका दैनिकाच्या मालकांना आपला पेपर इंटरनेटवर टाकायची हौस आली होती. पुण्या-मुंबईला गेलेल्या, दुबईला गेलेल्या आपल्या माणसांनी सकाळी उठून गावाकडची बातमी वाचावी, एवढीच त्यांची इच्छा. आम्ही बातमी टाइप करायची, बटण दाबायचं, की ती साइटवर चढायची. निदान चढायला हवी. कधी केजची बातमी धारूरखाली जायची, कधी पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या मजकुरावर उलटलेल्या ट्रकचा फोटो यायचा. मग मालकांना जे फोन यायचे ते ऐकण्यासारखे असायचे. शेवटी मालकांनी मिस्तरींना आणून बसवलं.

मिस्तरी म्हणजे एका साखर कारखान्यातले बॉयलरवाले. कारखाना बंद पडला तेव्हा पन्नाशीला आलेले. मग पोराटोरांच्या कॉम्प्युटर क्लासात पहिल्या बाकावर बसून शिकले, आणि असे काही शिकले की शिकवणारा सरच शेवटी त्यांना विचारायला लागला. अंगात खाकी शर्ट, खिशात कायम एक छोटा पाना. कॉम्प्युटरच्या ऑफिसात पाना कशाला, हे आम्ही कधी विचारलं नाही. उत्तर लांबलं असतं.

त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. त्याला ते 'गडी' म्हणायचे. हा गडी साइटच्या एकेका पानावर माणसासारखा जायचा. खोटी बातमी टाइप करायचा, बटण दाबायचा, ती योग्य जागी आली का बघायचा, पुसून टाकायचा, पुढं जायचा. आम्ही चार जणींनी दिवसभर डोळे फोडले असते ते काम गडी वीस मिनिटांत करायचा. सगळं ठीक असलं की पडद्यावर हिरवी पट्टी, कुठं चुकलं असलं की लाल.

इथवर कुणीही म्हणेल, वा, काय हुशार माणूस. पुढं ऐका. रोज साइटवर काही चढवायच्या आधी मिस्तरी स्वतःच्या हातानं साइटची ऑफिसातली नक्कल बिघडवायचे. कधी तारीख मागंपुढं करायचे, कधी एखादं बटण मुकं करायचे. काय बिघडवलं ते कुणाला सांगायचे नाहीत. मग गडी सोडायचा. गड्यानं लाल दाखवलं की मिस्तरींच्या चेहऱ्यावर सुख पसरायचं. मग बिघाड काढायचा, गडी परत सोडायचा, हिरवं आलं की साइटवर चढवायचं आणि त्यानंतर चहा. एक वही ठेवलेली, तिच्यात तीन रकाने: मोडलं, सापडलं, जोडलं. मोडल्याची वेळ आधी लिहायची, काय मोडलं ते सापडल्यावर.

"पयल्या फेरीला हिरवं आलं तर?" मी विचारलं होतं.

"तर घाबरायचं. मी मोडून ठिवलंय आन गडी म्हणतोय समदं ठीक. असल्या गड्यावर कावून भरोसा ठिवायचा?"

बाजारात मिस्तरी माठ घ्यायला गेले तर दुकानदाराकडूनच पाणी मागून माठ भरायचे आणि अर्धा तास तिथंच उकिडवे बसून राहायचे. पाझरतो का बघायला. दुकानदार शिव्या घालायचा, हे माठाकडं बघत बसायचे. बायको वारलेली, मूलबाळ नव्हतं. जेवणाचा डबा खानावळीतून यायचा, त्यातली आमटीही आधी चमचाभर चाखून दोन मिनिटं थांबायचे. आम्ही तोंडावर पदर घेऊन हसायचो.

हसणं बंद झालं ते त्यांनी बॉयलरचं सांगितलं त्या दिवशी. वाफ फार कोंडली की आपोआप उघडणारी एक झडप बॉयलरला असते. ती रोज हातानं उचलून बघायची आणि वहीत 'ठीक' लिहायचं. मिस्तरींनी चार वर्षं न उचलताच 'ठीक' लिहिलं. सगळेच लिहायचे. एक दिवस वाफ कोंडली आणि झडप काही उघडली नाही. जोडीदाराचे दोन्ही हात कोपरापर्यंत उकडून निघाले. "माज्या हाताला काय बी झालं न्हाई," मिस्तरी म्हणाले, आणि स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत राहिले.

आता माझं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मांजरसुंब्याच्या चौकात आमच्या आबांचं चहा-भज्यांचं हॉटेल. मी बारावीला नापास झाले त्याच आठवड्यात आबांनी माझी सुपारी फोडली, म्हणजे लग्न पक्कं केलं. वर्षभर नांदले आणि पाठीवर वळ घेऊन परत आले. सासरचं जास्त सांगत बसत नाही, आठवलं की अजून तोंड कडू होतं. बीडला मामांकडं राहून टायपिंग शिकले आणि ह्या नोकरीला लागले.

त्या वर्षी धाकटी बहीण बारावीला होती. आबांनी तिला शब्द दिलेला: पास झालीस तर बीडला डी.एड.ला घालतो, नापास झालीस तर पाटोद्याचं स्थळ. आबा शब्दाचे पक्के, दोन्ही बाजूंनी. स्थळवाल्यांना निकालाच्या दिवशीच संध्याकाळी बोलावून ठेवलं होतं. निकाल मामा बीडच्या सायबर कॅफेत बघणार आणि हॉटेलात फोन करणार. मी पाटोद्याच्या त्या मुलाला बघितलं होतं. ट्रॅक्टरवर बसूनच बोलत होता, आबांशीसुद्धा. धाकटी माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली होती, "आक्का, इंग्रजीचं कायी खरं न्हाई."

आणि निकाल आमच्याच साइटवर लागणार होता. मालकांनी आठ दिवस पहिल्या पानावर जाहिरात केली होती: जिल्ह्याचा बारावीचा निकाल, सकाळी अकराच्या ठोक्याला. बोर्डाकडून गुणांची सीडी यायची, नंबर टाकला की नाव, गुण आणि वर मोठ्या अक्षरात उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, असं पान उघडायचं.

त्या पानाच्या तपासणीसाठी मिस्तरींनी दहा खोटे विद्यार्थी तयार केले. नावं त्यांनी सांगायची, मी टाइप करायची. एरवी ह्या कामाला दहा मिनिटं लागली असती. आम्हाला एक दुपार लागली. "हे गेवराईचं. बाप न्हाई त्याला. गणित जमंना, पन शेतात राबून शिकतंय, चाळीस लिव." "ही धारूरची, हिला डाक्टर व्हायाचंय, जीवशास्त्राला नव्वद लिव." मी म्हणाले, "मिस्तरी, ही खोटी पोरं आहेत." ते म्हणाले, "म्हून काय झालं?"

निकालाचा दिवस उजाडला. जूनचा पहिला आठवडा, आभाळ भरलेलं आणि थेंब नाही, नुसती काहिली. सीडी औरंगाबादहून पहाटेच्या जीपनं आली. ती आमच्या सॉफ्टवेअरला बसेना म्हणून मिस्तरी चार तास पाणीही न पिता तिच्याशी झगडत होते. दहाला बसली. सव्वादहाला त्यांनी वहीत वेळ लिहिली, पाठ आमच्याकडं करून काहीतरी मोडलं आणि गडी सोडला. मी बातम्या टाइप करत होते, पण माझं सगळं ध्यान धाकटीत.

वीस मिनिटांनी मिस्तरी खुर्चीतून अर्धवट उठले. तोंड पांढरंफटक. "हिरवं आलं," म्हणाले, आणि टेबल धरायच्या आत खाली कोसळले.

धावपळ झाली. कापड दुकानातले दोन गडी वर आले, त्यांना उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. घडी मोडलेला घामेजला खाकी शर्ट जिन्यावरून खाली जाताना दिसला. मालक मात्र घड्याळाकडं बघत होते. पावणेअकरा झालेले.

"हिरवं आलं म्हणाले ना ते? मग चढवा," मालक म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. मालकांना नाही म्हणायची ती माझी पहिलीच वेळ.

"म्हणजे?"

मी वही दाखवली. 'मोडलं' पुढं सव्वादहा. 'सापडलं' कोरं. 'जोडलं' कोरं. "ह्यात काहीतरी मोडलेलं आहे. गड्याला ते दिसलेलं नाही. काय मोडलंय ते फक्त मिस्तरींना ठाऊक आणि ते बेशुद्ध आहेत."

"कालची नक्कल चढवा मग."

"कालच्याला सीडी बसत नाही."

मालकांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच मोडलंय. खाली रस्त्यावरच्या सायबर कॅफेत आत्ताच पोरांची रांग लागलेली वरून दिसत होती. जिल्हाभर असंच असणार. मालक हळू आवाजात म्हणाले, "अकरा पाचपर्यंत थांबतो. मग जे आहे ते चढवायचं. एखाद-दुसऱ्याचं चुकलं तर माफी छापू."

एखाद-दुसऱ्याचं. एकाच्याच चुकीत कुणाचं काय काय जातं ते मला विचारा.

हजारो पानं, कुठलं बघायचं? खरं सांगते, शोधायचं म्हणून काही मी तो नंबर टाकला नाही. राहवलं नाही म्हणून टाकला. धाकटीचा. पान उघडलं. वर मोठ्या अक्षरात: उत्तीर्ण.

माझे डोळेच भरून आले. सुटली पोरगी, म्हटलं. डोळे पुसून खाली बघितलं. मराठी एकोणसाठ. इंग्रजी सत्तावीस.

सत्तावीस.

पुन्हा वर बघितलं, पुन्हा खाली. पस्तीसच्या खाली पास कसं? पुढचा नंबर टाकला. धाकटीचीच मैत्रीण, सगळ्या विषयांत साठच्या वर, आणि कपाळावर अनुत्तीर्ण. मग मला उलगडलं. नाव ज्याचं त्याचं, गुण ज्याचे त्याचे, पण पास-नापासचा शेरा मात्र प्रत्येकाला त्याच्या वरच्या नंबराचा लागत होता. मिस्तरींनी एक ओळ सरकवून ठेवली होती. आणि गड्याला ते दिसलं नाही, कारण त्यांची दहाच्या दहा पोरं पास होती. वरच्याचा शेरा खालच्याला लागला काय, न लागला काय, पासच.

काय मोडलंय ते कळलं, म्हणजे जोडणं सोपं होतं. पण मिस्तरींची रीत अंगात भिनलेली. आधी लाल दिसायला हवं. मी यादीत अकरावी पोरगी घातली, मधोमध, नापास. नाव माझंच दिलं. ते काही खोटं नव्हतं. गड्याला बाकी सगळं सोडून फक्त तेवढ्या पानांवर पाठवला. लाल. मग ती सरकवलेली ओळ जागेवर आणली, गडी परत पाठवला. हिरवं.

धाकटीचा नंबर मी पुन्हा टाकला. अनुत्तीर्ण.

तुम्हाला वाटेल, आता ही बाई सचोटीचं सांगणार. नाही सांगत. तिच्या एकटीचे गुण बदलावेत हे माझ्या मनात आलं, बोटं त्या आकड्यावर गेली. पण मालक माझ्या खांद्यामागं उभे होते, अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती. ते म्हणाले, "झालं ना? दाबा." मी दाबलं. ते मागं उभे नसते तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

दुपारी दवाखान्यात गेले. मिस्तरींना सलाइन लावलेली. उकाड्याचा तडाखा आणि पोटात पाणी नाही, एवढंच झालं होतं. मला बघून पहिलं काय विचारावं?

"लाल दिसलं का आदी?"

"दिसलं. मग जोडलं. तुमची दहाही पोरं पास होती, मिस्तरी."

त्यांनी डोळे मिटले. "नापास करवंना गं मला. चुकलंच माजं." मग म्हणाले, "तुज्या भैनीचं?"

तोवर मी दगडासारखी होते. तिथं मात्र बांध फुटला. इंग्रजीत गेली, मी म्हणाले. मामांनी आत्तापर्यंत फोन केला असेल, संध्याकाळी सुपारी फुटेल, मी परत आले ते माझं नशीब, ही येईल का सांगता येत नाही. जे तोंडाला आलं ते बोलत गेले. मिस्तरी नर्सला बोलावून म्हणाले, "ही सुई काडा." ती ओरडली, डॉक्टरांना बोलावते म्हणाली. ते म्हणाले, "बोलवा. तवर काडा."

आम्ही जीपनं मांजरसुंब्याला पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते. हॉटेलातली दोन टेबलं जोडून त्यावर सतरंजी टाकलेली. पाटोद्याची चार माणसं बसलेली, मुलाचे चुलते मधे. ताटात नारळ, सुपारी. आसपास ट्रकवाले, एसटीची वाट बघणारे, चौकातली रिकामी माणसं, सगळी मिळून पन्नास-साठ तरी. आतल्या दारात धाकटी उभी. तिच्या अंगावर माझीच साडी होती.

"आबा, हे आमच्या ऑफिसातले," मी म्हणाले. वाटेत मिस्तरी एक शब्द बोलले नव्हते, ते काय करणार मला ठाऊक नव्हतं.

मिस्तरींनी सगळ्यांना नमस्कार केला. "इंटरनेटवरचा निकाल ज्या मशीनवर लागला, ते मशीन मी चालिवतो," ते म्हणाले. "सकाळी त्यात बिघाड व्हता. माज्याच हातून झालता. ह्याचा शेरा त्याला लागला. पोरीच्या नावापुडं जे आलंय ते खरं धरू नका. मार्कशीट हातात येऊंद्या."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. बिघाड होता, खरं. त्यांच्या हातून झाला, तेही खरं. जोडला गेला, एवढंच ते बोलले नाहीत. खोटी बातमीसुद्धा पुसून टाकल्याशिवाय चहा न पिणारा माणूस भर चौकात स्वतःच्या कामाला खोटं म्हणत होता.

"मार्कशीट कदी येती?" आबांनी विचारलं.

"आठ दिस."

चुलते म्हणाले, "आवो, एका कागदापायी आठ दिस कोन थांबतंय? पोरगी द्यायची तर द्या."

आबांनी नारळाकडं बघितलं, मग दाराकडं. "तिला शबूद दिलाय मी," म्हणाले. "नापास हाय का न्हाई ते कळल्याबिगर सुपारी फोडता येत न्हाई."

ती माणसं चहा न घेता उठली. त्यांना दुसरं स्थळ बघायचंच होतं, चार दिवसांत त्यांनी तिकडं पक्कंही केलं. मार्कशीट आली तेव्हा आबांनी ती वाचली, माझ्याकडं एकवार बघितलं आणि घडी करून गल्ल्यात ठेवली. धाकटी ऑक्टोबरला पुन्हा बसली. आज ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सांगितल्यावर सांगायला तोंड राहत नाही.

मांजरसुंबा म्हणजे चार रस्त्यांचा चौफुला. तिथं संध्याकाळी बोललेलं रात्रीत परळीपर्यंत जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या जिन्यावर माणसं उभी. नापास झालेल्या पोरांचे बाप, काका, कुणाच्या तरी मागं आलेले गावपुढारी. निकाल खोटा आहे, तुमचाच माणूस म्हणाला. किती घरांत त्या रात्री खोटी आशा लागली असेल, त्याचा हिशेब माझ्याच माथी आहे.

मालकांनी मिस्तरींना सगळ्यांसमोर उभं केलं. "मिस्तरी, तुम्ही असं म्हणालात?"

"म्हणलो."

"बरं. आता इथं सांगा. काल अकरानंतर आपण जो निकाल दाखवला तो खरा की खोटा?"

मिस्तरी खरा म्हणाले असते तर तिथंच सगळं मिटलं असतं. मालक वाट बघत होते, त्यांना मिस्तरी हवे होते. पण त्या गर्दीत मांजरसुंब्याचे दोघे होते, आणि पाटोद्याच्या माणसांनी अजून दुसरीकडं पक्कं केलेलं नव्हतं. मी तोंड उघडलं असतं तर मिस्तरी वाचले असते. त्यांच्या मागं पडद्यावर हिरवी पट्टी दिसत होती. मी टाइप करत राहिले. काय टाइप केलं, देव जाणे.

"मार्कशीट येईस्तोवर खरा म्हणू नये," मिस्तरी म्हणाले.

मालकांचा चेहरा पडला. "मग उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकट छापली की साइटवरील निकाल अंतिम धरू नये.

मिस्तरींनी टेबलाच्या खणातून चष्म्याचं घर घेतलं, पायताण घातलं. निघताना माझ्या टेबलापाशी थांबले, वाकून म्हणाले, "ऑक्टोबरच्या फारमाची शेवटची तारीख बग. आन इंग्रजीची शिकवणी लाव तिला, आतापासून." मी मान हलवली. मालक बघत होते, म्हणून मी डोळे वर करून मिस्तरींकडं बघितलंसुद्धा नाही.